आधी कोणता पाय?

भूम,
४ नोव्हेंबर १९६३

ती. लक्ष्मम्मा मावशीस महादेवीचा नमस्कार.

या दिवाळीला मी सोलापूरला येत नाही. रागावू नका, कारण सांगते.

८ डिसेंबरला उस्मानाबादला जिल्ह्याच्या मुलींचा खो-खोचा संघ निवडणार आहेत. निवडलेल्या मुलींना तिथल्या वसतिगृहात ठेवतील आणि तिथल्याच शाळेत मॅट्रिकपर्यंत शिकवतील. आमच्या शाळेत आठवीपुढे वर्ग नाहीत. माझ्या संघात एक मुलगी आहे, कडूबाई. तिचे वडील बलभीम जवळच्याच वस्तीवर शेती करतात. ते मला स्पष्ट म्हणाले, "आठवी झाली की बास, बाई. चैतात येरमाळ्याच्या यात्रेला पावनं बघायला येनार हायती." निवड झाली तर मात्र पाठवीन, असा शब्द त्यांनी दिला आहे. म्हणजे कडूला शाळेत राहायचं तर हा एकच रस्ता उरला आहे.

तुम्ही म्हणाल, मुलगी चांगली खेळत असेल तर काळजी कसली? मावशी, ती चांगली खेळते म्हणणं कमीच आहे. पाठीवर हात पडतो न पडतो, 'खो' हा शब्द माझ्या कानात पोचतो, तोवर ती चौकातून निघून गेलेली असते. तिला हे कोणी शिकवलं नाही. जूनमध्ये कुंपणाशी उभी राहून मोठ्या मुलींकडे बघत होती, आणि एक दिवस येऊन बसली.

पण निवडीची पहिली फेरी खेळाची नाही, हुकमाची आहे. एकेक मुलगी चौकात बसणार, तिच्या शाळेच्या बाईनं हुकूम द्यायचा आणि तिनं बसणं, उठणं, वळणं, खो देणं सुटं सुटं करून दाखवायचं. त्यात नापास झाली तर दुपारच्या सामन्यात उतरवणार नाहीत. मी काल कडूला विचारलं, "उठताना आधी कोणता पाय टाकतेस?" तिनं स्वतःच्या पायांकडे असं पाहिलं, जसे ते दुसऱ्या कोणाचे आहेत. मग उठायला गेली आणि गुडघ्यावर आली.

काय करू? माझी नेमणूकही अजून कायम झालेली नाही. मुख्याध्यापिका बाईंचं माझ्यावर लक्ष आहे.

तुमची,
महादेवी


सोलापूर,
८ नोव्हेंबर १९६३

चि. महादेवीस आशीर्वाद.

दिवाळीला येत नाहीस हे योग्यच. काम आधी.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. क्रिया तोडून शिकव. उठण्याचे भाग पाड, प्रत्येक भागाला आकडा दे. मुलींना आकडा मोठ्यानं म्हणायला लाव, मग करायला लाव. मी शिवण, कवायत, व्याकरण, सगळं असंच शिकवलं आणि माझ्या हाताखालून गेलेल्या मुलींना अजून येतं. ज्याला आपण काय करतो ते सांगता येत नाही, त्याला ते आलेलं नसतं. आज योगायोगानं जमतं, उद्या जमणार नाही.

मुलगी थोडी हट्टी असावी. अशा मुलींना आपल्या चपळाईचा तोरा असतो. तू मऊ पडू नकोस. तुझ्या आईचा मऊपणा तुझ्यात आहे, म्हणून सांगते.

माझी तब्येत उत्तम आहे. अक्षर वाकडं दिसलं तर मांडीवर पाट घेऊन लिहिते आहे म्हणून.

लक्ष्मम्मा


भूम,
२० नोव्हेंबर १९६३

ती. मावशीस नमस्कार.

तुम्ही सांगितलं तसं केलं. उठण्याचे चार भाग पाडले, वळण्याचे तीन. मुली रोज सकाळी चौकात बसून आकडे म्हणतात.

फरक बघून मीच थक्क झाले. आमची कप्तान मैमुना, शिंपीकाम करणाऱ्या शब्बीरभाईंची मुलगी, पूर्वी नेहमी फाऊल करायची, मधली पाटी ओलांडायची. आता एकही चूक नाही. ती म्हणते, "बाई, आधी माझ्या डोक्यात नुसता धुरळा व्हता. आता जिना झाला, एक एक पायरी उतरते." बाकीच्यांचंही तसंच.

एकटी कडू सोडून. ती "एक" म्हणते आणि थांबते. "दोन" म्हणते आणि माझ्याकडे बघते. तिसऱ्या आकड्याला तोल जातो. वाईट हे की आता साध्या खेळातही ती थांबायला लागली आहे. परवा मैमुनानं तिला खो दिला तर ही बसूनच. ओठ हलताहेत, अंग हलत नाही. मुली हसल्या. एकजण म्हणाली, "कडू, टपाल पोचलं का गं?" मी एकदा रागावले तिला.

सोमवारपासून ती शाळेत आलेली नाही. कापूस वेचणी चालू आहे, त्यामुळे असेल.

निवडीला अडीच आठवडे उरलेत. मला झोप लागत नाही.

महादेवी


सोलापूर,
२३ नोव्हेंबर १९६३

चि. महादेवीस आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. दोन गोष्टी लिहिते.

पहिली. मुलगी कापसासाठी घरी राहिलेली नाही. तिचं लग्न ठरत असावं आणि तुला सांगत नसावेत. मन लग्नात गेलं की हातपाय जाग्यावर राहत नाहीत. असल्या मुली मी पुष्कळ पाहिल्या. तू वस्तीवर जा आणि खरं काय ते काढून घे. आकडे सोडू नकोस. अर्ध्यावर सोडलेली शिस्त मुळीच नसण्यापेक्षा वाईट.

दुसरी. "मी एकदा रागावले" असं एक छोटं वाक्य तू घाईघाईनं लिहून पुढे गेली आहेस. मी तुझी मावशी आहे, तशीच तुझी मास्तरीणही होते. काय केलंस?

लक्ष्मम्मा


भूम,
२७ नोव्हेंबर १९६३

ती. मावशीस नमस्कार.

लेझमीच्या दांड्यानं तिच्या गुडघ्यावर मारलं. जोरात नाही. पण सगळ्या मुलींसमोर, आणि "हा पाय! हा! कळतो का?" असं ओरडून. ती रडली नाही. पायाकडे बघत राहिली.

रविवारी वस्तीवर गेले. मैमुनाला बरोबर नेलं. लग्नबिग्न काही ठरलेलं नाही, मावशी. बलभीम गोठ्यापुढे बसले होते. मला बसायला घोंगडी टाकली, चहा दिला, आणि मग जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते.

"बाई, माझ्या पोरीला भाकर थापायला कुनी शिकवली न्हाय. आईकडं बघत बघत यायला लागली. आता सकाळी थापता थापता हात थांबतोय. पुटपुटती. मग भाकर मोडती. काल शेळीला दावं बांधताना बी थांबली. आईला म्हनली, आये, आदी कोन्ता हात? आता ह्ये काय इचारनं झालं? आमी म्हनलं दिस्ट लागली. हिच्या आईनं मीठ-मिरच्या उतरून टाकल्या. पर दिस्ट न्हाय ही. ही शाळा हाय. शाळेनं माझ्या पोरीचं हात बांधलं."

कडूची आई दगडाबाई दारातूनच म्हणाली, "अवो, बाईंना चा तरी पिऊ द्या, मग भांडा."

"भांडत न्हाय. इचारतोय."

कडू चुलीपाशी होती, बाहेर आली नाही. परतताना मैमुना वाटेत म्हणाली, "बाई, उसकू बोलू नका. उसकू दिखाव. मी बघितलंय, ती तुमचं तोंड बघतच न्हाय, आकडे सांगता तवा बी पायच बघती तुमचे. आन तुमचे पाय तर उभेच असतेत."

बलभीमांनी एवढं कबूल केलं की आकडे बंद असतील तर येत्या २ तारखेच्या सोमवारपासून पाठवतो. मी हो म्हटलं. पण मावशी, निवड तर हुकमावरच आहे! आकडे बंद केले तर तिथं ती काय करणार? आणि चालू ठेवले तर ती येणारच नाही. दोन्हीकडून मीच तिला बुडवते आहे.

उलट टपाली लिहा.

महादेवी


सोलापूर,
१ डिसेंबर १९६३

चि. महादेवीस आशीर्वाद.

मारलंस ते चूक. ते तिला सांग, मला सांगून उपयोग नाही.

आता एक गोष्ट, जी तुला कळवायची नव्हती. दसऱ्याच्या आधी न्हाणीघरात घसरून माझ्या घोट्याचं हाड मोडलं. प्लॅस्टर निघालं आहे. काठी घेऊन पुन्हा चालायला शिकते आहे. काळजी करू नकोस आणि इकडे धावत येऊ नकोस. निवड सोडून आलीस तर दार उघडणार नाही.

हे लिहिण्याचं कारण असं. मी चालते तेव्हा मनात म्हणते: काठी, दुखरा, चांगला. काठी, दुखरा, चांगला. शब्द म्हटले की पाऊल पडतं. कामाला येणाऱ्या इरम्माला माझं पुटपुटणं बघवेना. परवा म्हणाली, "अम्मा, ती बडबड सोडा, माझ्या पायाकडं बघत या की." तिचं ऐकलं. तिच्या पायांकडे बघत निघाले आणि उंबऱ्याशीच तोल गेला. दाराची चौकट धरली, शब्द म्हटले, तेव्हा सावरले. इरम्मा भ्याली. मी भ्याले नाही, पण पलंगावर बसून तुझं पत्र पुन्हा वाचलं.

महादेवी, मला शब्दांशिवाय चालता येत नाही. तुझ्या मैमुनालाही येत नसावं. म्हणून सगळ्या जगाला येत नाही, असं मी धरून चालले होते. इरम्मानं मला तिची रीत दिली आणि मी पडत होते. मी कडूला माझी रीत दिली, तुझ्या हातून, आणि ती पडली. दोन्ही रीती खोट्या नाहीत. माणूस चुकीचं निवडलं.

आकडे तिच्यापुरते बंद कर. तूच चौकात बस. तिच्यासमोर उठ, वळ, गप्प राहून. ती बघेल. निवडीत मैमुनाला तिच्या आधी उभं करता आलं तर कर, म्हणजे तिचं बघून हिला करता येईल.

ते नाही जमलं तर काय, हे मला माहीत नाही. मला माहीत नाही असं मी फार लिहीत नाही, तेव्हा त्याची किंमत समज.

लक्ष्मम्मा


भूम,
९ डिसेंबर १९६३

ती. मावशीस नमस्कार.

तुमच्या पायाचं वाचून जीव खाली-वर झाला. तुम्ही दार उघडणार नाही म्हणून आले नाही, एवढंच.

आता कालचं.

आठवडाभर मी चौकात बसले. सकाळी शाळा भरण्याआधी, साडीचा पदर खोचून. कडूची क्षमा मागितली. ती म्हणाली, "असू द्या बाई," आणि माझ्या समोर बसली. पहिले दोन दिवस ओठ हलत राहिले, मग थांबले. शनिवारी ती पुन्हा पहिल्यासारखी निघून गेली, पाठीवर हात पडता पडता. मी जागच्या जागी रडले.

पण उस्मानाबादला मैदानात नावं अक्षरांप्रमाणे पुकारली. क आधी, म नंतर. मैमुनाला आधी घ्या म्हणून मी विनंती केली, तर समितीचे साहेब म्हणाले, "बाई, लग्नातली पंगत आहे का ही, पुढेमागे बसायला?"

कडू चौकात बसली. बलभीम कुंपणाला टेकून उभे होते, पटका हातात धरून. साहेब म्हणाले, "द्या हुकूम." माझ्या तोंडात "एक" आला होता, मावशी. कडूनं माझ्या तोंडाकडे नाही, पायांकडे पाहिलं.

मी शिट्टी गळ्यातून काढली, पदर खोचला आणि तिच्यासमोरच्या चौकात बसले. सगळं मैदान हसलं. एका शाळेचे मास्तर ओरडले, "बाईंची बी निवड करा!" मी उठले, ती उठली. मी वळले, ती वळली. मी बसले, ती बसली. माझ्या उठण्यात आणि तिच्या उठण्यात श्वासाचंही अंतर नव्हतं. फक्त ती माझ्याहून फार चांगली उठत होती.

साहेब लाल झाले. "हे काय चाललंय? हुकूम द्या!"

"दिला, साहेब. तिनं पाळला."

"हुकूम तोंडानं देतात!"

समितीत एक म्हातारे पैलवान होते. ते म्हणाले, "आमच्या तालमीत उस्ताद तोंडानं फक्त शिव्या देत. डाव अंगानंच दाखवत. लिहा, पास."

त्यावर बरीच बोलाचाली झाली. शेवटी तिला दुपारी उतरवलं, आणि दुपारी कोणाला काही सांगायची गरज पडली नाही. संध्याकाळी नावं वाचली. मैमुना आणि कडू, दोघीही.

आमच्या मुख्याध्यापिका बाई तिथंच म्हणाल्या, "उद्या माझ्या खोलीत या." आज गेले. लेखी खुलासा मागितला आहे. मास्तरणीनं मैदानात बसून शाळेची शोभा केली म्हणून. नेमणुकीचं काय होईल ठाऊक नाही.

पण मला छळतंय ते वेगळंच. यादी वाचल्यावर मी धावत बलभीमांकडे गेले. वाटलं, आनंदानं हसतील. ते म्हणाले, "बाई, येक सांगा. तितं हास्टेलात ह्ये असं खाली बसून दाखवनारं कोन हाय?"

उत्तर त्यांनीच दिलं.

"तुमी न्हाय. तितं दुसरी बाई. ती आकडेच सांगनार. म्हंजी पुन्ना हात बांधनार. शब्द दिलाय म्या, मोडत न्हाय. पर पोरीला मोडायला बी धाडनार न्हाय. इचार करतो." आणि कडूला घेऊन एस.टी.त बसले. १६ तारखेला सोमवारी वसतिगृहात हजर व्हायचं आहे.

त्यांना काय सांगू? ते चुकीचं बोलले नाहीत.

महादेवी


सोलापूर,
१२ डिसेंबर १९६३

चि. महादेवीस आशीर्वाद.

बसलीस ते बरं केलंस. खुलासा दोन ओळींचा लिही, त्यात माफी नको.

बलभीमचं मात्र मला पटत नाही. हा चैत्रातल्या पाहुण्यांचाच बहाणा आहे. शब्द मोडायचा नाही आणि पाळायचाही नाही, त्याची ही वाट. माझ्या काळात असे बाप मी रोज पाहिले. तू मुख्याध्यापिका बाईंकडून पत्र घे, नाहीतर गावच्या सरपंचाला मध्ये घाल. माणूस चार लोकांत बोलला की मागे फिरत नाही.

रविवारपर्यंत काही झालं नाही तर तार कर. मी स्वतः येते. काठी घेऊन येते.

लक्ष्मम्मा


भूम,
१६ डिसेंबर १९६३

ती. मावशीस नमस्कार.

येऊ नका. तारही केली नाही. सरपंचाला मध्ये घातलं नाही, कारण बहाणा नव्हता तो. तुम्ही ते डोळे पाहिले नाहीत.

काल आठवडी बाजाराला बलभीम कडूला घेऊन आले होते. जनावरांचा बाजार उरकून शब्बीरभाईंच्या दुकानात बंडी शिवायला टाकायला आले. मी तिथंच होते. खरं सांगायचं तर सकाळपासून त्यांची वाट बघत बसले होते. शब्बीरभाई मापं घेत होते, मैमुना काजं करत होती.

बलभीमांनी मला रामराम केला आणि मापासाठी हात पसरले.

मैमुनानं सुई खाली ठेवली. "चाचा, मी दाखवते की तिला."

"तू?"

"मी बी तितंच जानार न्हवं का? येकाच खोलीत. तितल्या बाईंनी आकडे सांगितले की मी करीन, ती माझं बघंल."

बलभीम म्हणाले, "तू तर आकड्याबिगर हालत न्हाईस. मैदानात बघितलं म्या, ओठ हालत व्हते तुझं."

"व्हय. ओठ माझे, चाचा. पाय तर तिला दिसतेतच की. ती ओठ कशाला बघंल?"

शब्बीरभाई हसले. "बलभीमभाऊ, ही घरात पन असंच बोलती. हिच्या अम्मीचा जीव खाती."

बलभीम हसले नाहीत. "आन तुला कोन दाखवनार, पोरी?"

"मला दाखवाया नको. मला सांगितलं की होतं. सांगनारे तर तितं लई असतील."

शब्बीरभाई टेप हातात धरून तसेच थांबले. बलभीमांनी मैमुनाला निरखून पाहिलं, बैल घेताना दात बघतात तसं. मग कडूकडे वळून म्हणाले, "काय गं? जाशील का?"

मावशी, माझ्या तोंडात आलं होतं, "सांग ना, बोल ना." मी ओठ चावले.

कडू उठली, मैमुनाच्या शेजारी गेली आणि तिच्यासारखीच उभी राहिली. तोच पाय पुढे, तीच मान.

मला राहवलं नाही. "कडू, अगं, तोंडानं सांग वडलांना!"

बलभीमांनी पटका डोक्याला बांधला. "आता इचारू नगा, बाई," ते म्हणाले. "गेली ती."

तुमची,
महादेवी